शीमामांचं नाक

कुठलंही यंत्र उघडलं की मामा आधी पोटातून ‘शी’ म्हणत. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी. त्यामुळे आमच्या गल्लीत सगळे त्यांना शीमामाच म्हणत आणि तेही ते चालवून घेत.

मिक्सर, पंखे, कूलर दुरुस्त करायचे ते. पण आकड्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. मोटरच्या वाइंडिंगला तारेचे वेढे मोजावे लागतात, म्हणून ते काम सरळ दुसऱ्याच्या गळ्यात. मी तेव्हा कापडाच्या दुकानात बिलं करायचे. बेरजा चुकतात म्हणून मालकानं काढून टाकलं. पदरात दोन लेकरं, म्हणून मामांकडे काम मागायला गेले. मान वर न करता ते म्हणाले, “हितं आकडं न्हाईत, घाण हाय. झेपंल का?”

पहिलंच काम एका बंगल्यातल्या कूलरचं. दारात रांगोळी, दिवाणखान्यात अगरबत्ती, आणि कूलरच्या टाकीत शेवाळात फुगलेली पाल. वरून कीर्तन, आतून तमाशा. मला भडभडून ओकारी आली. मामा खूश झाले. ज्याला घाण वाटत नाही तो वरवर पुसून देतो, असं त्यांचं म्हणणं. मिक्सरच्या बुडाशी शेंगाचटणीचं खवट तेल साचलेलं दिसलं, की समोरच्या बाईची ते अशी हजेरी घेत की मलाच मेल्याहून मेल्यासारखं होई. पण कुठं काय जळलंय, काय कुजलंय, ते त्यांना नाकानंच कळायचं.

मागे एकदा मामा तापातून उठले आणि त्यांना वास येईनासा झाला. कुणाला बोलले नाहीत. एका दुपारी पुढ्यातला मिक्सर जळायला लागला, दुकानभर तो ओंगळ वास पसरला, तरी मामा निवांत चहा पीत बसलेले. मी धावत जाऊन प्लग काढला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यातली आमटी उन्हानं आंबून फसफसली होती आणि ते भाकरी कुस्करून खात होते. मला शिसारी आली आणि पाठोपाठ रडूही आलं. आमटी विटलीय, असं मी सांगितल्यावर त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

त्यानंतर ते दुकानात आलेच नाहीत. मी त्यांच्या घरी गेले तर मामा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले.

“आता मला कशाचीच घाण वाटंना, पोरी,” ते म्हणाले. “असल्या माणसानं लोकांच्या वस्तूला हात लावू नये. दुकान तू उघड. तुला अजून किळस येती.”