दोन्ही टोकांकडून

सांगलीच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारे एक सर होते. नवा माणूस भेटला की त्यांचा पहिला प्रश्न, "पाव्हणं कुठलं?" माणूस म्हणजे ठिपका आणि नातं म्हणजे रेघ, असं करून ते अख्ख्या जिल्ह्याची सोयरीक मशीनमध्ये भरत होते. जाळं अवाढव्य, मेमरी तोकडी. दोघांमधलं नातं एकाच टोकाकडून शोधलं की मशीन अडकायचं.

"दोन्ही टोकांकडनं निघायचं. मदी गाठ पडतीया, हिंडणं लय वाचतंय," असं म्हणत सर दोन्ही हातांची बोटं टेबलावर एकमेकांकडं चालवायचे.

एकदा आष्ट्याचे माझे मामा लॅबमध्ये आले. सर त्यांचंही घर मशीनमध्ये भरू लागले. धाकट्या मुलीपाशी मामा अडले. तिनं जातीबाहेर, बौद्ध घरात लग्न केलं होतं.

"ती रेघ नका वढू. आमाला ती मेली."

"आवं मामा, असलेली रेघ गाळली तर उत्तर खोटं येतंय," सर म्हणाले आणि जावयाचं नाव न विचारताच त्यांनी ते टाइप केलं.

मामा चिडले. "मग दावा, तुमचं आमचं काय नातं लागतंय."

उत्तर लगेच आलं. मामांची धाकटी सरांच्या चुलतभावाची बायको होती.

सरांनी एका हाताची बोटं टेबलाच्या मधोमध आणून ठेवली. मामांच्या बाजूचा दुसरा हात त्यांनी उचललाच नाही.

मामा पडद्याकडं बघत खाली बसले.

"बरी हाय का ती?"