बैलाच्या रंगाची मासोळी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर मी दुकानातून येताना वाटेत कचोरी खाल्ली की नाही, तेही कळतं. तुम्हाला सांगतो. पण जरा सावकाश सांगू द्या, कारण सुरुवात फार मजेची होती.

मी अकोल्याचा, पंप आणि पाइपांचं दुकान. माझे साडभाऊ — बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान — गजाननभाऊ, चांदूर बाजारचे, संत्र्यांचे बागाईतदार. आम्हा दोघांना मासे धरायचा नाद, पण तो धरणावरचा. समुद्र आम्ही फोटोत पाहिलेला. एकदा मोबाइलवर दिसलं — कोकणात माणसं लहान होडीतून ल्युअर टाकतात, म्हणजे गळाला नकली मासोळी लावतात, आणि हातभर मासे काढतात. झालं! घेतलं खूळ डोक्यात.

तयारी काय वर्णावी? भर उन्हाळ्यात मी लाइफ जॅकेट घालून कूलरसमोर बसायचो, सवय व्हावी म्हणून. गच्चीवर गळ फेकायचा सराव केला, तर पहिल्याच दिवशी शेजारच्या काकूंची वाळत घातलेली साडी अडकली. बायको म्हणाली, "पह्यलाच मासा लय मोठा लागला तुमाले!" बोट लागू नये म्हणून आल्याच्या वड्या घेतल्या. आणि ल्युअर? डबाभर मागवले, महागडे, चकचकीत.

भाऊंनी एकही मागवला नाही. त्यांनी तो कोरला. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या बैलपोळ्याला, घरातल्या लेकरांसाठी लाकडी बैल दरवर्षी तेच कोरत. त्याच सुरीनं त्यांनी पांगाऱ्याच्या लाकडाची मासोळी केली, पोटात शिसं भरलं, तोंडाशी तारेची कडी बसवली, आणि — सवयच ना — बैलासारखी रंगवली. पाठीवर लाल झूल, कपाळावर बाशिंग. फक्त शिंगं तेवढी राहिली होती. आम्ही पोट धरून हसलो.

"काहून हासून राह्यले?" भाऊ म्हणाले. "पान्यात पडू द्या, मंग बोला."

निघायच्या आधीच्या रविवारी त्यांच्या मळ्यात रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत होता. सगळं घर शेततळ्याभोवती जमलं. माझे ल्युअर पोहले, बरे पोहले. मग भाऊंची मासोळी पाण्यात गेली, आणि काय सांगू? कंबर हलवत, शेपूट मारत, अशी सरळ आली की वाटावं जित्तीच आहे! सासरे ती हातात घेऊन फिरत बसले. आणि माझी बायको, माझी स्वतःची बायको, टाळ्या वाजवत म्हणाली, "भाऊजी, याहीचे सारे महागाचे फिके पडले!"

मीही हसलो, सगळ्यांसोबत. पण तुम्हाला कधी झालंय असं? आपल्याच माणसाचं कौतुक ऐकताना आपलं हसू आपल्यालाच खोटं वाटलंय?

जेवणं झाली, सगळे झाडांखाली आडवे झाले. माझ्या खिशात पक्कड असतेच, दुकानदार माणूस. आता ल्युअरचं असं असतं — तोंडाशी जी कडी असते ना, ती अगदी मधोमध लागते. तीळभर कलली, तरी मासोळी एका कुशीवर पडून गरगर फिरते. हे मला ठाऊक होतं. भाऊंना पहिल्या फटक्यात जमलेलं, त्यामुळे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी ती कडी पकडीत धरली, आणि वाकवली.

समुद्र पाहून आम्ही दोघं लेकरांसारखे ओरडलो. होडीत आल्याच्या वड्यांचं काय झालं ते सोडा. मग भाऊंनी मासोळीला हात जोडले आणि पाण्यात टाकली. ती भोवऱ्यासारखी फिरली. दोरी पिळून गुंता झाला. त्यांनी पुन्हा टाकली. परत एकदा टाकली. होडीवाला हसायला लागला. भाऊंनी ती पुसली आणि खिशात ठेवली. आणि मी? मी मोठ्या मनानं त्यांना माझा एक ल्युअर दिला. "घ्या भाऊ, मन छोटं नका करू" — असं म्हणालो हो मी!

त्याच ल्युअरवर त्यांना सुरमई लागली, चांगली हातभर. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत भाऊ सांगतात, "साडभाऊनं आपली मासोळी देल्ली म्हून मले मासा भेटला. दिलदार मानूस!" लोक माझ्याकडे कौतुकानं पाहतात. मी आणखी एक जिलेबी वाढून घेतो.

भाऊंनी सुरी ठेवून दिली. त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला नातीसाठी त्यांनी बाजारातून बैल आणला. "लाकूड आता माह्यं आयकत नाई," म्हणाले. लाकडात काही खोट नव्हती. त्यांच्या हातातही नव्हती. ती मासोळी त्यांनी मलाच देऊन टाकली, आठवण म्हणून.

यंदा पुन्हा समुद्रावर जायचं ठरलंय. काल तयारीचा डबा उघडला तर ती हाती लागली. घरात कोणी नव्हतं. मी पकडीनं कडी मधोमध आणली, मासोळी हौदात सोडली आणि दोरी ओढली. ती झूल मिरवत, शेपूट मारत, सरळ माझ्या हातापर्यंत आली.

तेवढ्यात भाऊंचा फोन आला.

"साडभाऊ, माह्यासाठी एक मासोळी जास्तीची मांगवजा. तुमची कशी, धोका देत नाई."

"मांगवतो, भाऊ," मी म्हटलं.