थोरली रत्नप्रभा, धाकटी रत्नप्रभा

ठाकुर्लीत बेचाळीस वर्षं काढली, खिडकीतून स्मशान दिसतं... मी तिकडे तोंड करून निवांत चहा पिते. तेव्हा भुताखेतांचं मला सांगू नका. पण हे मात्र मी या डोळ्यांनी पाहिलंय. तेही भर दुपारी, घोडबंदर रोडला, सतराव्या मजल्यावर!

तिथे माझी आत्या राहते, मुलाकडे – सुधीरकडे. वय त्र्याण्णव, आठ वर्षांपासून दिसत नाही. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, कोकणातल्या ‘रत्नप्रभा’ आगबोटीवर कोळसा टाकायला होते. आत्या सात वर्षांची असताना बोट बुडाली. आजोबा मिळालेच नाहीत. आजीने मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही की त्यांचं श्राद्ध करू दिलं नाही. पुढे कंपनीने नवी बोट आणली, नाव पुन्हा रत्नप्रभाच! बंदरावरचे लोक मग थोरली-धाकटी म्हणायला लागले, सख्ख्या बहिणींसारखं. आजी धाकटीत कधी चढली नाही.

यंदा आत्याने धोसराच लावला – “बाबांच्या बोटीवर एकदा हात ठेवू दे, मग त्यांना पाणी देते. त्याआधी मी काही मरत नाही.”

सुधीरने इंटरनेटवरून बोटीचा फोटो शोधून फ्रेम केला. मी तो तिच्या मांडीवर ठेवला. तिने काचेवर तळवा टेकवला आणि लगेच काढला.

“ही धाकटी. उचल.”

“अगं आई, खाली नाव लिहिलंय!”

“नाव दोघींचं एकच आहे रे शहाण्या! इंजिनिअर कसा झालास तू?”

सुधीरने पुन्हा शोधलं... खरंच धाकटी होती. खूप खटपट करून थोरलीचा फोटो मिळाला. मी पण वस्ताद – त्याच दुकानातून तश्शीच फ्रेम करवली आणि काही न बोलता दोन्ही तिच्यापुढे ठेवल्या. पहिली तिने बाजूला सारली. दुसरीवर मात्र हात तसाच राहिला.

“बाबा... जेवलात का हो?”

मी तिच्याजवळ वाकले.

“सुमे, धुराड्याच्या डावीकडे बघ. डोक्याला पंचा बांधलाय.”

सुधीरने मोबाइलवर फोटो मोठा केला. धुराड्याच्या डावीकडे तिळाएवढा एक माणूस, डोक्याला पांढरं काहीतरी बांधलेलं. चेहरा ओळखण्यासारखा नाही.

“ताई, अंदाजाने बोलली असेल गं,” सुधीर पुटपुटला.

फ्रेम ओळखली तो अंदाज म्हणू एक वेळ. पण पंचा? बोटीवर तो बांधतात हे तिला ठाऊक असेल, पण फोटोत नेमका तिथे माणूस उभा आहे हे कोणी सांगितलं? घरात तो फोटो आमच्याशिवाय कुणी पाहिला नव्हता, आणि तो माणूस आम्हालाही मोठा केल्यावरच दिसला. मी खूप डोकं चालवलं. तुमच्यातल्या कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा.

आत्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. तिने ताम्हन मागवलं, तीळ मागवले. पलंगावर बसूनच हातावरून पाणी सोडलं.

“या आता बाबा,” म्हणाली. “आईला मी सांगेन.”