स्टेटसवरचं पहिलं नाव

मुर्धा गावातल्या अर्ध्या पोरींना चांदणीने चिकटवलं होतं, म्हणजे नोकरीला. मॉलचं काउंटर असो की स्टीलच्या भांड्यांचं पॅकिंग, मालकाचा फोन आला की ही ओट्याला टेकून मोबाईलवर रंगीत जाहिरात बनवायची आणि व्हॉट्सॲप स्टेटसला, इन्स्टाला, भाईंदरच्या झाडून सगळ्या ग्रुपवर टाकून मोकळी व्हायची. मग स्टेटस कोणी कोणी पाहिलं ते निरखत बसायची. जो रोज बघतो आणि चकार शब्द काढत नाही, त्यालाच नोकरीची खरी गरज, असं तिचं ठाम मत. अशांना ती आपणहून फोन लावायची. अंदाज सहसा चुकायचा नाही.

फक्त एका नावाला तिने कधी फोन लावला नाही. यादीत रोज पहिल्या असायच्या सासूबाई, पार्वतीबाई. टाकलं रे टाकलं की पाहिलं! सून दिवसभर मोबाईलवर काय करते यावर पाळत, दुसरं काय? चांदणीचं डोकं फिरलं. नवरा हृतिक नेहमीसारखा कानावर हात ठेवून मोकळा. शेवटी तिने सेटिंगमध्ये जाऊन सासूबाईंपासून स्टेटस लपवलं आणि आठवडाभर मजेत राहिली.

एका दुपारी वालाच्या शेंगा सोलता सोलता पार्वतीबाईंनी हळूच विचारलं, काम बंद पडलं का तुझं, काही दिसत नाही ते. चांदणीने काहीतरी गुळमुळीत सांगितलं. पण राहवेना, म्हणून विचारलंच, की तुम्हाला ते बघून करायचंय काय.

"माझ्या वयाच्या बाईला कुनी मागतंय का, ते बघते," सासूबाई म्हणाल्या. "सगली पस्तिशीच्या आतलीच मागतान. कवातरी माझ्याजोगा निघंल."

चांदणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वयाची अट मालक घालायचे हे खरं, पण टाइप तीच करायची, डोळे मिटून.

मीरा रोडच्या डॉक्टर समिधांना दवाखान्यात पेशंटची रांग सांभाळायला 'स्मार्ट तरुणी' हवी होती. आधीच्या दोघी लोकांच्या दादागिरीला कंटाळून पळाल्या होत्या. ही जाहिरात चांदणीने कुठेच टाकली नाही. डॉक्टरांनाच फोन करून सांगितलं, की बाई पन्नाशी उलटलेली आहे, माहेरचं मिठागर होतं, बांधावरून मजुरांना हाक मारली की खाडीपर्यंत ऐकू जायची. मध्ये घुसणाऱ्याची ती गय करणार नाही. डॉक्टरांनी विचारलं, गॅरंटी काय?

"मॅडम, मला रोज रांगेत ठेवतात त्या," चांदणी म्हणाली. "माझी सासू आहे."

डॉक्टर हसत सुटल्या आणि सोमवारपासून पाठवा म्हणाल्या.

सोमवारी पार्वतीबाई ठेवणीतली साडी नेसून बाहेर पडल्या. भाजी अर्धी चिरून ओट्यावर तशीच. शेजारच्या मंदाने दारातूनच विचारलं, सकाळी सकाळी कुठे निघालात? पार्वतीबाई थांबल्या. हे उत्तर त्यांनी कित्येक वर्षं मनात घोळवलं असावं, ते घाईत उरकायची त्यांची तयारी नव्हती.

"कामावर," त्या म्हणाल्या. "भाजी चांदणी करंल."