आत्यांनी बिब्बा सोडला

माझ्या लेकीच्या छातीवर तापल्या बिब्ब्यानं फुल्या उठवणारी बाई आज सकाळी गेली.

माझी सासू. आम्ही त्यांना आत्या म्हणायचो.

पोखर्णीजवळच्या आमच्या गावात लेकरू धापा टाकायला लागलं, की लोक डॉक्टरच्या आधी आत्यांकडं बिब्बा घालायला आणायचे. मग स्वतःची नात जांभळी पडायला लागल्यावर त्या गप्प बसतील होय?

लेक तेव्हा महिन्याचीसुद्धा नव्हती. दूध ओढता ओढता दमायची. निमोनियाची औषधं चालू होती, पण उतार पडेना.

विद्यापीठाच्या नामांतरावरनं वातावरण तापलेलं, एसटीचा भरवसा नव्हता. शेवटी जीपनं परभणी गाठली. तिथं सोनोग्राफीचं मशीन नवीनच आलेलं.

डॉक्टरबाईंनी झबलं वर केलं. छातीभर ओल्या जखमा.

"कुणी केलं हे?"

"म्या," आत्या म्हणाल्या.

छातीवर मशीन टेकवलं की लेकरू किंचाळून काळंनिळं व्हायचं. मला वाटलं, आता इथंच जाते ही.

मग बाईंनी बरगड्यांच्या खाली, पोटावर मशीन ठेवलं. आणि त्या पडद्याकडं वाकल्या.

पडद्यावरचं काळंपांढरं मला काय कळणार? मी बाईंचं तोंड बघत होते.

"निमोनिया नाही हा. फुफ्फुसातलं चांगलं रक्त आणणाऱ्या शिरा हृदयात उघडायला पाहिजेत. हिच्या जन्मापासूनच खाली उतरून लिव्हरकडं गेल्यात. फार क्वचित असतं असं. ऑपरेशनशिवाय वाचणार नाही. आजच हैद्राबादला निघा."

हैद्राबादपर्यंत आत्या एकच विचारत होत्या.

"दम घ्यायलीय का गं पोर?"

"घ्यायलीय."

मी रागानंच म्हणायचे. त्यांचं तोंडही बघू वाटत नव्हतं मला.

ऑपरेशन झालं. आयसीयूच्या काचेबाहेरही तेच. "दम घ्यायलीय का?"

लेक वाचली.

त्यानंतर आत्यांनी बिब्ब्याला हात लावला नाही. कुणी लेकरू घेऊन आलं, की स्वतः एसटीत बसून परभणीला न्यायच्या.

"आदी मशीनवर दाखव, बाई. मला लय भ्याव वाटतंय."

ते भ्याव शेवटपर्यंत गेलं नाही. लेकीचं लग्न झालं, तरी माहेरी येऊन दुपारी आडवी झाली की आत्या तिच्या नाकापुढं बोट धरून बसायच्या.

आज त्यांचं बोलणं बंद होतं. लेक उशाशी होती. आत्यांनी हात उचलला, पण पोचला नाही.

लेकीनं वाकून त्यांचं बोट आपल्या नाकापुढं धरलं.

आत्या, दम घ्यायलीय पोर.

आता भिऊ नका. सुखानं जा.