आम्ही साल्झबर्गला निघालो तेव्हा

ज्या वर्षी राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला गेली, त्याच वर्षी आमचं कुटुंब युरोपात स्थायिक व्हायचं ठरलं होतं. सगळं पक्कं होतं. फक्त युरोपला कळवायचं राहिलं होतं.

मी तेव्हा सचिवालयात कारकून होतो. संस्थान विलीन झाल्यापासून आम्हा कारकुनांना फिरायची सवय होतीच. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला! दरवर्षी फायली पेट्यांत भरायच्या, पेट्या गाडीत भरायच्या आणि त्यांच्यामागून आम्ही. पण इंदूर चालायचं, तिथं आपली माणसं होती. राज्यांची पुनर्रचना ठरली आणि राजधानी कायमची भोपाळला जाणार अशी बातमी आली, तेव्हा मात्र आमच्या वडिलांनी, म्हणजे आबासाहेबांनी, वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"भोपाळ? त्या गावात आहे काय? एक तळं!"

आबासाहेब दरबारच्या दफ्तरातून निवृत्त झाले होते, पण आपण घोडदळातले आहोत हे ते विसरत नसत. आमचे पणजोबा दक्षिणेतून घोड्यासोबत ग्वाल्हेरला आले. (घोड्यावर बसून आले की घोड्याचा लगाम धरून आले, यावर घरात दोन मतं आहेत. दुसरं मत फक्त माझ्या बायकोचं आहे.)

युरोपची कल्पना माझी. जयेंद्रगंजात घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात एक कॅलेंडर होतं. त्यावर निळं तळं, मागे हिरव्या टेकड्या, वर बर्फ, आणि काठावर एक पांढरं घर. घराच्या व्हरांड्यात एक माणूस नुसता बसलेला! समोर फाईल नाही, डोक्यावर साहेब नाही. माझं घड्याळ दुरुस्त व्हायला चार दिवस लागले आणि चारही दिवस मी त्या माणसाकडे बघत बसलो.

"शहर बदलायचंच आहे ना?" मी घरी येऊन म्हणालो. "मग भोपाळ कशाला? चांगल्या ठिकाणी जाऊ. युरोपला!"

मालती, माझी बायको, फुलके करत होती. तिनं एक फुलका उलटला आणि म्हणाली, "आधी मोघेकाकांना अर्ज देऊन या."

हा अर्ज म्हणजे काय ते सांगायला हवं. मोघेकाका आमचे हेडक्लार्क. खातं भोपाळला जाणार असलं तरी आमच्या विभागाच्या दोन खुर्च्या ग्वाल्हेरात राहणार होत्या. एक स्वतः मोघेकाकांची. दुसरी नोकरीच्या वर्षांप्रमाणे माझी होती. मला फक्त "ग्वाल्हेरातच राहू इच्छितो" असा अर्ज द्यायचा होता. मालतीला ती खुर्ची हवी होती. तिची आई दाल बाज़ारामागच्या गल्लीत एकटी राहायची, आणि मालती रोज संध्याकाळी तिला गरम जेवण घालून यायची. भोपाळला गेलो तर तिचं कोण बघणार?

"उद्या देतो," मी म्हणालो. हे मी त्यानंतर दोन महिने म्हणत होतो.

खरं सांगतो, मला भोपाळची भीती वाटत होती. ग्वाल्हेरात मी आबासाहेबांचा मुलगा होतो; पानवालासुद्धा मला 'साहब' म्हणायचा. भोपाळात मी नुसता कारकून होणार होतो. आणि ग्वाल्हेरात मागे राहिलेल्या दोन खुर्च्यांपैकी एका खुर्चीत बसून राहण्यातही मला कमीपणा वाटत होता. युरोपला जाणाऱ्या माणसाला मात्र कुणी काही म्हणत नाही!

आबासाहेबांना कल्पना पटली. पण म्हणाले, "गाव पारखून घ्यायचं. कोणाला काय हवं ते लिही."

मी यादी केली. आबासाहेब: किल्ला हवा आणि गादीवर राजा हवा. ("लोकशाहीत आपल्याला कोण विचारतो?") आमची नऊ वर्षांची बेबी: बर्फ. मी: तळं, टेकड्या आणि शांतता. (शांतता म्हणजे सासरचं कुणी जवळ नको. पण यादी घरात फिरणार होती.) मालतीला विचारलं तर ती म्हणाली, "अर्ज दिला का?" मी तिच्या नावापुढे 'नळाला पाणी' असं लिहून टाकलं.

मग आबासाहेबांनी आपलं नकाशांचं पुस्तक काढलं. शाळेत पहिला नंबर आला म्हणून त्यांना दरबारातून बक्षीस मिळालेलं, चामड्याच्या बांधणीचं. ते पुस्तक म्हणजे घरातला वेद! त्यावर हात ठेवून आबासाहेबांनी युरोपची छाननी सुरू केली.

"लंडन?"

"इंग्रज आत्ता कुठे गेले. लगेच त्यांच्या पाठोपाठ आपण? लोक म्हणतील, यांना करमेना!"

"पॅरिस?"

"त्यांनी राजाचं मुंडकं उडवलं होतं. तसल्या लोकांत बेबीला वाढवायचं?"

"स्वित्झर्लंड?"

"राजाच नाही. आहेत फक्त घड्याळं."

आठ दिवसांनी बोट येऊन थांबलं ते साल्झबर्गवर. टेकडीवर थोरला किल्ला, खाली गाव, आसपास तळी, हिवाळ्यात बर्फ, गावाला गाण्याचं वेड, आणि नकाशात गुलाबी रंगात ठसठशीत लिहिलेलं: ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य. म्हणजे राजासुद्धा नाही, सम्राट!

"वर किल्ला, खाली गाणं," आबासाहेबांना भरून आलं. "अरे, हे तर ग्वाल्हेरच की!"

"मग इथंच राहू या ना!" मालती स्वयंपाकघरातून म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आता नुसतं उठून जायचं असतं तर गोष्ट वेगळी. पण आमचं घराणं बोलावल्याशिवाय कुठं गेलेलं नाही. आबासाहेबांनी सम्राटांच्या नावे अर्जी लिहिली, ती मोडी लिपीत! आमच्या पूर्वजांच्या मोहिमा, घोड्यांचे रंग, दफ्तरातली चाळीस वर्षांची सेवा, आणि शेवटी "राहण्यास योग्य हवेली आणि चिरंजीवास मानाची जागा मिळावी." मी तिचं इंग्रजी केलं. घोड्यांच्या रंगांपाशी माझं इंग्रजी संपलं, तेव्हा सगळे घोडे मी तपकिरी करून टाकले.

पोस्टातल्या बाबूनं पाकिटावरचा पत्ता दोनदा वाचला. "भाईसाहब, ये कौन से महाराज हैं?"

"बहुत बड़े," मी म्हणालो.

इथपर्यंत सगळं घरात होतं. पण त्या दिवशी पान खाताना माझ्या तोंडून 'साल्झबर्ग' निघून गेलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जेवणाचं पहिलं आमंत्रण आलं. ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागातल्या मराठी घरांची रीत अशी, की कुणी गाव सोडून निघालं की प्रत्येक घरानं त्याला एकदा जेवू घालायचं. नारळ द्यायचा, डोळे पुसायचे. एकानं बोलावलं की बाकीच्यांना गप्प बसता येत नाही. आणि एका घरी गेलो की दुसऱ्या घरी 'नाही' म्हणता येत नाही!

आम्ही अकरा घरी जेवलो. पुरणपोळी चार वेळा, बासुंदी तीन वेळा. एका घरी आबासाहेबांना लोकरीची कानटोपी मिळाली. बाहेर उन्हाळ्याची गरम लू वाहत होती, पण मान ठेवायचा म्हणून ते ती घालून जेवले. बेबी सगळ्यांना सांगत होती, "हम वहाँ रोज बर्फ खाणार!" मालती प्रत्येक पंगतीत मला हळूच विचारायची, "अर्ज दिलात ना?" मी पुरणपोळी तोंडात कोंबून मान हलवायचो. ती मान 'हो' होती की 'नाही', ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

अकरावं घर मोघेकाकांचं. त्यांनी श्रीखंड केलं होतं. केशराचं, घट्ट, वाटी उपडी केली तरी पडणार नाही असं!

"मग बेटा, त्या ग्वाल्हेरच्या खुर्चीचं काय करू?" त्यांनी माझ्या पानात श्रीखंड वाढत विचारलं.

सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. आता अर्जाचं बोललो तर युरोपचं काय राहिलं? मी छाती काढून म्हणालो, "कसली खुर्ची, काका! माझं नाव काढून टाका."

"असं तोंडी कसं चालेल? एक ओळ लिहून दे. घाई नाही, आधी श्रीखंड घे."

मी श्रीखंड घेतलं. मग लिहूनही दिलं. घरी आल्यावर मालतीला म्हणालो, "अर्जाचं काम झालं." तिनं देवापुढं साखर ठेवली. त्या साखरेकडे बघून मला जी लाज वाटली, ती आजही तशीच आहे. पण तेव्हा वाटलं, सम्राटांचं उत्तर आलं की सगळं निभावून जाईल.

उत्तर पावसाळा संपताना आलं. परदेशी तिकिटाचं पाकीट! आबासाहेबांनी पेटीतून दरबारी पगडी आणि अंगरखा काढला आणि ते चढवल्याशिवाय पाकीट फोडू दिलं नाही. बैठकीत सगळी आळी जमली. मी उभा राहून वाचू लागलो. साल्झबर्गच्या कुठल्याशा कचेरीतल्या सज्जन बाईचं पत्र होतं. तिनं लिहिलं होतं, की आपली अर्जी आम्ही सर्वांनी आनंदानं वाचली, तपकिरी घोडे आवडले. पण आमच्याकडे आता सम्राट नाहीत. त्यांना जाऊन जवळजवळ चाळीस वर्षं झाली. साम्राज्याचेही वेगवेगळे देश झाले. आपण किती दिवस राहणार ते कळवावं, सोबत हॉटेलांची यादी जोडली आहे.

आबासाहेबांनी नकाशांचं पुस्तक मागवलं, पहिलं पान उघडलं आणि छापल्याचं साल बघितलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे त्यांचंही विलीनीकरण झालं?"

"तसंच म्हणायचं," मी म्हणालो.

"तनखा तरी चालू आहे का सम्राटांना?"

"नाही, आबासाहेब."

"अरेरे!" त्यांनी पगडी उतरवून मांडीवर ठेवली. मला हसू येत होतं, ते त्या पगडीकडे बघून गेलं.

लोक पांगल्यावर मालतीनं सुस्कारा सोडला. "बरं झालं, सुटलो. आपली इथली खुर्ची तर आहे!"

मी हॉटेलांची यादी वाचू लागलो.

"आहे ना खुर्ची?"

"मालती, मोघेकाकांकडे श्रीखंड होतं..."

पुढचं मी इथं लिहीत नाही. सरळ मोघेकाकांच्या घरी पळालो ते लिहितो. माझ्या खुर्चीवर त्यांच्या जावयांचं नाव लागलं होतं, तेही महिनाभरापूर्वीच!

"काका, ते मी सहज लिहून दिलं होतं."

"सहज?" मोघेकाकांना खरोखर वाईट वाटलं. "बेटा, मी तुला निरोपाचं जेवू घातलं! सगळ्या बिरादरीनं पाहिलं. आता तू जाणार नाहीस म्हणजे काय?"

मी घरी येऊन आबासाहेबांना म्हटलं, तुमच्या ओळखी आहेत, वर शब्द टाका. ते म्हणाले, "अकरा घरचं निरोपाचं अन्न पोटात गेलंय. आता गावात राहिलो तर लोक म्हणतील, फुकट जेवले. जावं तर लागेलच." म्हणजे सरकारनं एक वेळ सोडलं असतं, पण पुरणपोळीनं सोडलं नाही!

आम्ही भोपाळला गेलो. सासूबाईंना सोबत घेऊन गेलो, कारण मालतीनं सांगितलं, की आई येत असेल तर मी येते, नाहीतर तुम्ही एकटे जा साल्झबर्गला. दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर मिळालं. पहिल्या रविवारी आम्ही व्हरांड्यात बसलो. समोर निळं तळं होतं. आबासाहेबांनी चष्मा लावला आणि खिशातून ती यादी काढली. मला वाटलं होतं, त्यांनी ती फाडली असेल.

"तळं," ते म्हणाले. "आहे. टेकड्या? आहेत. किल्ला? पडका आहे, पण आहे. राजा? नवाब आहेत, विलीन झालेले. चालेल, आपलं जमेल. नळ?"

"सकाळी येतो," मी म्हणालो.

"शांतता?"

"जावईबापू!" आतून सासूबाईंचा आवाज आला. "चहा गार झाला की हो!"

"तेवढं सोड," आबासाहेब म्हणाले. "राहिलं काय? बर्फ."

इतक्यात मालती बाजारातून आली. तिनं पिशवीतून गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी काढली, बेबीला एक तुकडा दिला आणि दुसरा माझ्या हातावर ठेवला.

"हं घ्या. आलं तुमचं साल्झबर्ग. भुसा तेवढा धुऊन घ्या."

मी भुसा धुतला आणि साल्झबर्ग मुकाट्यानं खाल्लं.