विसाव्याला जागा नाही

मंडळी, आज चाळीच्या फळ्यावर नेहमीची कविता नाही. आज जे झालं तेच लिहितोय.

आपल्या चाळीतल्या गणपतकाकांना सकाळी पोचवायला गेलो. लालबागच्या नाक्यावर पिंपळाचा पार होता, तिथं तिरडी टेकवून विसावा घ्यायची आपली रीत. ट्राम, बसगाड्या अडकतात म्हणून गेल्या महिन्यात तो पार काढला. बायका विसाव्यापुढं येत नाहीत. काकांची सुमन माहीमहून उशिरा निघाली, म्हणून थेट तिथंच येऊन उभी होती, बापाचं तोंड बघायला.

आम्ही थांबलो. मागं ट्रामची घंटा वाजायला लागली. हवालदार धावत आला.

"थांबू नका, दादरपर्यंत तुंबेल."

"अहो, पोरीला तोंड तरी बघू द्या."

"इथं नको, बाबा." त्यानं टोपी काढली, पण दुसरा हात हलवतच राहिला.

मागून रेटा आला आणि आम्ही चालायला लागलो. सुमन गर्दीत मागं राहिली.

संध्याकाळी जिन्यात तिनं विचारलं, "बाबांचा चेहरा शांत होता का रे? मला नुसते पाय दिसले."

मी हो म्हटलं.

संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा असला की हाच नाका आपण तासभर अडवतो. आज एका मुलीसाठी क्षणभर अडवायला आपल्याला काय झालं होतं?